न टेकणारी रेषा

वीस वर्षं मॅथ्स शिकवल्यावर माणसाकडे ज्ञान साठावं. माझ्याकडे किस्से साठलेत! कराडला मी इंजिनिअरिंगला मॅथ्समध्ये राहिलेल्या पोरांचा क्लास घेते. गणित तेच: वर दोन एक्स, खाली एक्स वजा तीन. आलेख काढा.

*

डोमेन म्हणजे एक्सच्या चालणाऱ्या किमती. इथे तीन चालत नाही, खाली शून्य येतं. रहिमतपूरच्या सुशांतने तीनच घातला आणि उत्तर काढलं शून्य.

"शून्यानं भागलं की शून्यच येतं, मॅडम. बारावीच्या सरांनी सांगितलंय."

ते सर माझेच विद्यार्थी.

*

असिम्प्टोट म्हणजे आलेख जिच्या जवळजवळ जातो पण टेकत नाही, अशी रेषा. सोपं जावं म्हणून म्हटलं, उभी रेषा म्हणजे शेजाऱ्याचा बांध. दुसऱ्या दिवशी अर्ध्या वर्गाचा आलेख बांधात घुसलेला.

"नांगरताना बांध थोडा कोरायचाच असतोय, मॅडम."

मी डोकं धरून बसले.

*

सुशांतचे वडील मिलिटरीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. तक्रार घेऊन आले आणि फळ्याकडे बघत राहिले. "ह्यो मधीच का तुटलाय?" मी समजावलं. त्यांनी किमती घालून आलेख बरोबर काढला. मला रडू यायचं बाकी होतं.

"मग ॲडमिशन माझीच करून टाका," म्हणाले.

खरंच करायला हवी होती.

*

वडूजची राणी मात्र हुशार. घरची मेंढरं, कॉलेजात पोचलेली घरातली पहिलीच. आडवी रेषा दोनवर, म्हणून रेंजमध्ये, म्हणजे येणाऱ्या उत्तरांत, दोन नाही, हे तिला पटेना. "एक्स लय मोठा घेतला तर टेकंल की कवातरी." तिने दहा हजार घातले, मग एक कोटी. कॅल्क्युलेटर दोन पॉइंटच्या पुढे शून्यं वाढवत गेला.

"लय वाईट रेषा हाय, मॅडम."

तिला सगळं यायचं, फक्त पेपरात बरोबर आलेलं उत्तरही खोडून पुन्हा सोडवत बसायची. कॉलेजात चारच संधी, मग नाव कमी. तिच्या तीन संपल्या होत्या. चौथीसाठी मी देव पाण्यात ठेवले होते.

*

निकालाच्या दिवशी ती आली आणि तिने थेट खडू घेतला. आडव्या अक्षावर एक, दोन, तीन, चार. वर चाळीसला तुटक रेषा, पासिंगची. खाली ठिपके: एकतीस, छत्तीस, अडतीस, एकोणचाळीस. मग ते हलक्या हाताने जोडले. इतका सुरेख आलेख माझ्या वर्गात कुणी काढला नव्हता.

म्हटलं, "अगं, पुढच्या वेळी टेकेल."

तिने हाताचा खडू झटकला.

"डोमेन चारपातूरच हाय, मॅडम."