सिस्टरांचा सल्ला आणि तीन कोंबड्या

जव्हारच्या दवाखान्यातल्या एक सिस्टर नव्या नर्सना उघड सांगायच्या, "पोरींनो, सलाईन लावण्यात जन्म घालवू नका. मुंबईत आता केस मॅनेजर म्हणून घेतात. पेशंटला कुठं पाठवायचं, त्याचं घरी काय अडतंय, एवढंच बघायचं. पंख्याखाली बसून!"

मी संघटनेचा कार्यकर्ता, दवाखान्यात नेहमीचा; ते ऐकून माझं डोकं फिरायचं. इथं पोरं कुपोषणानं मरतायत आणि या बाई नर्सना मुंबईची वाट दाखवतायत! मी आमच्या संघटनेच्या पत्रकात त्यांच्यावर अख्खा परिच्छेद लिहिला. त्यांनी तो वाचला आणि पत्रकाची घडी करून टेबलाच्या हलत्या पायाखाली सारली.

एका सकाळी साखरशेत गावची एक आई आली. कडेवर हाडाचा सापळा झालेलं मूल, डोक्यावरच्या पाटीत तीन कोंबड्या. मुलाला तातडीनं नाशिकला न्यायचं होतं, जीप दारात उभी होती. पण बाई हलेना. डॉक्टर ओरडले. मी आरोग्याच्या हक्कावर बोललो. सिस्टरांनी फक्त विचारलं, "तुझं अडतंय कुठं गं?"

"घरी कोणी नाय. कोंबड्या कोण बघल?"

"हा बघेल," सिस्टरांनी माझ्याकडे बोट केलं. "मोर्चा नसला की मोकळाच असतो."

बाई जीपमध्ये चढली.

तीन आठवड्यांनी ती परतली. मूल कडेवर बसून बिस्किट चोखत होतं. तिनं एकेक कोंबडी उचलून चाचपली आणि माझ्यादेखत सिस्टरांकडे तक्रार केली, "बाय, यानं यांना नीट खायला नाय घातलं. पार वाळल्या."