कोर्टात न टिकणारी नोट

निवृत्ती गेल्याचा फोन आला तेव्हा मी तळवड्यातल्या माझ्या शेडमध्ये चाकणला जायचा माल मोजत होतो. हाच माल वर्षानुवर्षं त्याच्या टेम्पोतून गेला. रहाटणीच्या जुन्या शेतकरी घरातला तो. जमीन वाटण्यांत संपली, हाती टेम्पो राहिला. फोन ठेवला आणि पहिलं मनात आलं ते लिहायला लाज वाटते... की चला, आता ती गोष्ट माहीत असलेलं कुणी उरलं नाही.

आम्हा दोघांना शेअरबाजाराचा नाद. शेअर घ्यायचे नाहीत. भाव चढणार की पडणार, एवढ्यावरच आपसात पैज. एकदा इरेला पेटून मी फार मोठी रक्कम लावली आणि हरलो. त्यानं काही मागितलं नव्हतं, मीच तोऱ्यात रेव्हेन्यू तिकीट लावून, पैसे देण्याची हमी म्हणून प्रॉमिसरी नोट लिहून दिली. पुढं त्याच्या टेम्पोचं इंजिन बसलं, तेव्हा तो ती घेऊन आला. मी वकिलाला आधीच विचारून ठेवलं होतं. म्हणालो, "पैजेच्या पैशाची नोट कोर्टात टिकत नाही, निवृत्ती."

तो हसला. "कोर्टात कोण चाललंय, राव? मी तुझ्याकडं आलोय."

मी पैसे दिले नाहीत. त्यानं टेम्पो विकला, दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर झाला. माझा माल नेत राहिला, गेटबाहेरच्या टपरीवर माझ्यासोबत चहाही घेत राहिला. पूर्वी दोन्ही चहा माझ्या खात्यावर असायचे. आता तो आपल्या ग्लासाखाली नाणं सरकवायचा. "असू दे रे," मी म्हणायचो. "न्हाई. माझा चहा माझ्यापाशी." बाकी गप्पा तशाच... भांडला असता तर मला सोपं गेलं असतं.

तेराव्यानंतर सगळी रक्कम पाकिटात घालून रहाटणीला गेलो. वहिनींनी पाकीट उघडलंसुद्धा नाही.

"पैजेचं का?"

मी मान डोलावली.

"कायद्यानं द्यावं लागत न्हाईत म्हणला व्हता ना तुमी? मग आता कशापायी?"

"निवृत्तीसाठी, वहिनी..."

"त्यांना इंजिनासाठी पायजे व्हतं."

पाकीट शेडमधल्या कपाटात परत आलं. परवा टपरीवर एकट्यानं चहा घेतला आणि उठताना ग्लासाखाली नाणं सरकवलं. टपरीवाला हसून म्हणाला, "शेठ, तुमचं खातं हाय की!"

मी नाणं उचललं नाही.