दुधाळ पाण्यातली फळी

अंधेरीच्या एका औषध कंपनीत मी उंदरांना पोहायला लावायचे. पगार त्याचाच मिळायचा. आई मात्र शेजारणींना "लॅबमध्ये आहे" एवढंच सांगायची.

मोठ्या गोल टाकीत दुधाची पावडर कालवलेलं पाणी असायचं आणि त्याखाली, वरून दिसणार नाही अशी, एक फळी. तरुण उंदीर काही दिवसांत तिची जागा शिकायचे. म्हातारे कडेकडेने गोल फिरत राहायचे. आमचे सर सांगायचे, मेंदूतल्या पेशींवर रिसेप्टर असतात. निरोप आणणारं रसायन तिथे बसलं, तरच शिकलेलं टिकतं. वय झालं की ते थकत असावेत, असा त्यांचा अंदाज. म्हणून आम्ही तरुण उंदरांना रिसेप्टर अडवणारं इंजेक्शन द्यायचो. धडधाकट प्राणी तेवढ्यापुरता म्हातारा व्हायचा.

मला भीती वाटायची ती वेगळ्याच गोष्टीची. असा एखादा उंदीर चुकून फळीवर चढायचा, जरा उभा राहायचा आणि परत पाण्यात उडी घ्यायचा. पोचला होता, पण पोचल्याचं त्याला कळलंच नव्हतं.

त्याच सुमारास बाबांची गिरणी बंद पडली आणि आम्ही लालबागची चाळ सोडून चारकोपला आलो. सगळी घरं सारखी, संध्याकाळी सगळीकडे सामसूम. एकदा बाबा उठले, शर्ट नीट केला आणि आईला म्हणाले, "येतंय हां, वैनी."

आमच्यात निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो'च म्हणतात. आईच्या तोंडून सवयीने "या" निघून गेलं. स्वतःच्या नवऱ्याने आपल्याला वैनी म्हटलं, हे तिच्या ध्यानात आलं तोवर बाबा दिसेनासे झाले होते. ते मला औद्योगिक वसाहतीच्या एका गेटवर सापडले, पाळी सुटायची वाट बघत. "तुमचा माणूस पण हयच कामाक आसा?" त्यांनी मला अदबीने विचारलं. तिथेच कामाला असलेल्या कुणाची तरी मी बायको, असं त्यांना वाटलं होतं.

मग रोजच दिवेलागणीला ते पाहुण्यासारखे निघू लागले. आई शहाणी. ती म्हणायची, "बसा, चाय घेवन जावा." चहाला नाही म्हणणं बाबांच्या रक्तात नव्हतं. कप संपेतो निघायचं विसरून जायचे.

मी सरांना विचारलं, "इंजेक्शन उतरलं की उंदराचे रिसेप्टर मोकळे होतात. ज्याला इंजेक्शन दिलंच नाही, त्याचं काय?"

"ते माहीत असतं तर आपण इथे कशाला असतो?" सर म्हणाले. मला त्यांचा भयंकर राग आला.

एका संध्याकाळी चहा संपला, तरी बाबा दारापाशी गेले. मी कडीवर हात ठेवून उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. चेहऱ्यावर हसू आलं. मला वाटलं, ओळखलं.

"तुझो बापूस अजून येवक नाय?"

माझ्या बाबांची चौकशी बाबाच करत होते. आतून आई म्हणाली, "येतलो."

"मगे बसतंय. त्येका भेटानच जातंय."

ते खुर्ची दाराकडे वळवून बसले. मीही शेजारी बसले. मलाही त्यांना भेटायचंच होतं.