हजेरीला न आलेले नऊ जण

...तर होमगार्डाच्या कचेरीत विनायकाने तो कागद हातात घेतला आणि हजेरीपट उघडला, इथवर काल आलो होतो. पण मास्तर कोण, हे कळल्याशिवाय त्या कागदाचं मोल कळायचं नाही.

दीनानाथ मास्तर पनवेलच्या शाळेत इतिहास शिकवायचे. त्याआधी फौजेत शिपाई. दुसऱ्या महायुद्धात इटलीत कैद झाले, छावणी उठली तेव्हा पळाले आणि डोंगर चढत-उतरत क्रोएशियातल्या एका खेड्यात जाऊन पडले. स्टीपान नावाच्या पन्नाशीच्या शेतकऱ्याने त्यांना हिवाळाभर गोठ्यात लपवलं. मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये दोघांच्या गप्पा चालायच्या. स्टीपान पूर्वी तिथल्या होमगार्डात, म्हणजे मुलखाच्या राखीव फौजेत होता. देश ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात, राजा बसायचा व्हिएन्नात, पण १८६८ पासून या पथकाला हुकूम मिळायचे ते मात्र त्यांच्याच भाषेत. केवढा अभिमान त्याचा! मग १९१४ साली पहिलं महायुद्ध लागलं. आधी त्यांना शेजारच्या सर्बियात पाठवलं, जवळजवळ आपलीच बोली बोलणाऱ्यांवर गोळ्या झाडायला, आणि पुढे रशियाच्या सीमेवर, गॅलिशियाच्या बर्फात. त्या बर्फातून स्टीपानच्या गावचे नऊ जण परत आले नाहीत. अठरा साली साम्राज्य मोडलं. नव्या राज्याला जुन्या राजाचे शिपाई नको होते, त्यामुळे गावात त्यांच्या नावाचा साधा दगडसुद्धा उभा राहिला नाही. मास्तर निघताना स्टीपानने ती नऊ नावं लिहून दिली. म्हणाला, "तुला लिहिता-वाचता येतं. तुझ्या देशात कुठेतरी छाप."

दरवर्षी शाळेच्या पहिल्या दिवशी हजेरी संपली की मास्तर तो कागद उघडून नऊ नावं पुकारायचे. कोन गावच्या जगनने एकदा चेष्टेने "हजर" म्हटलं. मास्तरांनी मारलं नाही. नुसतं म्हणाले, "बस खाली. लोव्रो बर्फात पडलाय."

हाच जगन पुढे पनवेलच्या होमगार्डात हवालदार झाला. एक्याण्णवच्या डिसेंबरात पथकाची स्मरणिका निघायची होती. दोन महिने आधीच तो मास्तरांकडे गेला. "तुमचे होमगार्ड आमच्या होमगार्डांत छापू, मास्तर."

अर्धांगाच्या झटक्यातून उठलेल्या मास्तरांनी आठवडाभर खपून लेख लिहिला. नावांची नक्कल काही त्यांच्याने होईना, म्हणून मूळ कागदच जोडला. जगनने दोन्ही पथकाच्या कचेरीत नेऊन दिलं.

स्मरणिका आली. लेख होता. नावं नव्हती. जगन तडक विनायकाकडे गेला. स्मरणिकेचं काम तोच बघायचा.

"अरे, त्या कागदावर वर मराठीत कुणीतरी 'होमगार्ड' लिहिलेलं," विनायक म्हणाला. "मला वाटलं, आपल्याच यादीचं पान सुटून आलंय. किरिस्ताव नावं, म्हटलं उरणकडची पोरं असतील. हजेरीपटात शोधलं, तर एकही दिवस कवायतीला नाहीत. गैरहजरांची नावं आपण छापतो का?"

"आनि कागद कुठं हाय?"

"रद्दीत गेला, जगन. दिवाळीच्या आधीच."

जगनने पोस्टात चौकशी केली. स्टीपानच्या गावी पत्र टाकून पुन्हा नावं मागवावीत, असा त्याचा विचार. पोस्टमास्तर म्हणाले, तिकडे यादवी पेटलीय, टपाल जात नाही. रेडिओही तेच सांगत होता.

मग तो वही-पेन घेऊन मास्तरांच्या खाटेपाशी बसला. "मास्तर, चूक माजी हाय. कागद मीच नेला. तुमी सांगा, मी लिवतो."

मास्तरांनी डोळे मिटले. स्टीपानचा भाऊ मातो. मग यूरे. बऱ्याच वेळाने आणखी तीन. पुढे काही येईना, झटक्याने तेवढी आठवण पुसली होती. जगनला एकच ठाऊक होतं, तेही त्या चेष्टेमुळे. "लोव्रो," तो म्हणाला. मास्तरांनी मान हलवली.

"सा झाले. सा तरी छापून घेऊ, मास्तर. पुढच्या वर्षी."

मास्तरांनी वही जवळ ओढून ती सहा नावं वाचली. मग म्हणाले, "फाड ते पान, जगन. बर्फाने नऊ जणांना एकत्र नेलं होतं. सहा छापलेस, तर उरलेल्या तिघांना मी एकट्याने मारलं असं होईल."