बाबांना दाखवलेली कबड्डी

शुगरने बाबांची नजर गेली. आमच्या पातूरच्या मळ्यातली मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, ते हाताने चाचपून ओळखायचे, त्यामुळे कामाचं फारसं अडलं नाही. कबड्डी बघता येत नाही, याची मात्र त्यांना फार हळहळ वाटायची. तरुणपणी आसपासच्या गावांत त्यांच्या पकडीचा दरारा होता.

धाकटी बहीण कॉलेजच्या संघातून अमरावतीला खेळणार होती. मी बाबांना एसटीत बसवून घेऊन गेले. आम्हाला समालोचकाच्या टेबलामागे, अगदी पहिल्या ओळीत जागा मिळाली.

बहीण चढाईला निघाली. मी सांगितलं, "गेली बाबा! वाऱ्यासारखी गेली."

"कोनता वारा?" बाबा म्हणाले. "चैतातला का आखाडातला? मले दिसंल असं सांग ना!"

मी चिडले, पण त्यांचं खरं होतं. वाऱ्यासारखी हे मी न बघताच बोलून गेले होते. मग नीट निरखून पाहिलं.

"नुकतं पानी देल्ल्या वाफ्यात पाय टाकते ना, तशी चालून राहिली. आधी चवडा, मंग टाच."

बाबा हसले. "हां, आता दिसली."

मग मला थांबवेना. समोरच्या संघाची डाव्या कोपऱ्यातली उंच मुलगी मी त्यांना गोठ्यातल्या खुंट्यासारखी दाखवली. त्याच मुलीने बहिणीची मांडी धरली, तेव्हा बहीण दाव्याला हिसके देणाऱ्या गोऱ्ह्यासारखी धडपडते आहे, असं सांगितलं. बाबांच्या मुठी आपोआप आवळल्या जात होत्या.

शेवटच्या चढाईआधी गुण बरोबरीत होते. टाइम-आउटची शिट्टी झाली.

"तो खुंटा अजून तिथंच हाय काय?" बाबांनी विचारलं.

"तिथंच. पाय रोवून उभी हाय."

"मंग तिले वळाले वेळ लागंल. पोरीले म्हना, बाहेरच्या अंगानं शिव अन् पळ."

मी ओरडून सांगितलं. बहिणीने मान हलवली.

ती गेली. बाहेरून वाकून तिने त्या मुलीच्या खांद्याला हात लावला आणि उलटी फिरली. "तडकलेल्या तुरीवानी साऱ्या अंगावर उडाल्या, बाबा! घोटा धरला! पडली! शेवग्याची वरची शेंग तोडाले हात ताणते ना, तसा ताणला... टेकली! बोटं रेषेले टेकली!"

बाबा खुर्चीवरून उठून दोन्ही हात वर करून नाचत होते.

समालोचक मागे वळला. माईक त्याने केव्हाच बंद केला होता. "मी तुमालेच ऐकून राहिलो होतो, ताई," तो म्हणाला. "पुढचा सामना तुमी बोला."

मी आढेवेढे घेतले नाहीत. आपल्याला हे जमतं, हे मला तोवर कळलं होतं. माईक घेतला आणि बोलले.

पुढच्याच महिन्यात अकोल्याहून बोलावणं आलं. तिथे आयोजकांपैकी एकजण कुरकुरला, "बाई काय सांगनार कबड्डीचं?" मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मॅटवर एक बुटकी, गोलसर मुलगी चढाईला निघत होती. मी म्हटलं, "मंडळी, नीट बघा, उतारावरून कलिंगड सुटलं हाय, अडवनाऱ्यानं पाय सांभाळा!" मैदान हसलं आणि पुढच्याच क्षणी तिने दोघींना आडवं केलं.