पायावरचं पाणी

माझी किशोरांसाठीची कादंबरी एका हरवलेल्या मुलीच्या घरी परतण्याची आहे. शेवटच्या प्रकरणात मुलगी दारात उभी राहते आणि धाकटी बहीण हातातला तांब्या टाकून तिच्या गळ्यात पडते. ते पान वाचून आम्ही रडलो, असं मुलं कळवतात. मी त्यांना 'धन्यवाद' लिहिते. निर्लज्जपणालाही काही मर्यादा असावी.

कारण ती धाकटी म्हणजे मी, आणि मी गळ्यात वगैरे काही पडले नव्हते.

ताई तेरा वर्षांची असताना गणितात नापास झाली आणि वडिलांच्या भीतीनं दिसेल त्या एसटीत बसून निघून गेली. पाच महिन्यांनी सोलापूरकडच्या एका बालगृहात तिचा पत्ता लागला. वडील तिला घेऊन आले, तेव्हा शिवाजी पेठेतली आमची अख्खी गल्ली दारात जमली होती. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि ताईच्या पायांवर पाणी घालायला तांब्या माझ्या हातात दिला. ताईचे केस बारीक कापलेले, अंगात कुणाचा तरी ढगळ फ्रॉक. शाळेतल्या पोरी पाच महिने मला 'पळून गेलेलीची बहीण' म्हणत होत्या, तो सगळा राग त्या क्षणी उफाळून आला. तांब्या उंबऱ्यावर आदळून मी ओरडले, "मी न्हाय घालणार! आन् हिला माझ्या अंथरुणात झोपवायचं न्हाय!"

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. ताईनं वाकून तांब्या उचलला, उरलेलं पाणी स्वतःच स्वतःच्या पायांवर घातलं आणि आत आली. त्यावर आमच्या घरात पुन्हा कधी कुणी बोललं नाही.

कादंबरीची दुसरी आवृत्ती निघायची ठरली, तेव्हा मात्र मला ते खोटं सोसेना. ताई आता कबनूरला असते. घराला लागूनच त्यांचे यंत्रमाग आहेत. मी तिच्याकडं गेले आणि तिनं चहा ठेवला न ठेवला तोच म्हणाले, "ताई, शेवटचं प्रकरण मी बदलते. घडलं तसंच लिहिते. चुकलं माझं."

मागांच्या खडखडाटात तिला ऐकू गेलं नसेल म्हणून मी पुन्हा म्हटलं.

"ऐकलं की," ती म्हणाली. "काय बदलू नकोस. पोरीनं वाचलंय ते. खरं हाय काय म्हणून विचारत हुती. मी व्हय म्हटलं."

"अगं पण ताई..."

"तू लई आवडतीस तिला. ऱ्हाऊ दे तसंच."

ती चिडेल, चार शब्द सुनावेल आणि मग मला जरा बरं वाटेल, असा माझा हिशेब होता. तिनं तर मला कधीच पाठीशी घातलं होतं.

तेवढ्यात भाची शाळेतून आली. दप्तर फेकून मला बिलगली आणि म्हणाली, "मावशी, आईला मिठी मारलीस तवा तू लई रडलीस न्हवं?"

ताई आमच्याकडं पाठ करून चहा गाळत होती. तिच्या पाठीकडं बघत मी म्हटलं, "व्हय, लई रडले."