चाचीचा अडकलेला अंगठा

जवळ सरक गं लेकी, कागदातून का होईना, पण सरक. दोन वर्षं झाली नांदेडला आली न्हाईस, आन् फोटोत बघावं तर मनगटं ओकीबोकी! आपल्या बांगडीवाल्या चाचीनं तो फोटो बघितला आन् दिवसभर मलाच बोलून राहिली.

तिच्याइतकी एका जागी न टिकणारी बाई उभ्या मराठवाड्यात सापडायची न्हाई. चहासुद्धा ती निम्मा माझ्या उंबऱ्यात पिते, निम्मा शेजारणीच्या दारात. फक्त कुणाचा हात हातात आला की बसते. मग अंगठ्यानं तळव्याचं हाड असं दाबते, की बांगडी कधी चढली कळतच न्हाई. बायांची तोंडं ती विसरते, मापं न्हाई. "ती दोन-सहा गं, लोहा गावची!" अशी तिची ओळख. "हात सैल सोड गं माय, दगड करू नको," हे तिनं चाळीस वर्षांत इतक्यांदा म्हटलंय, की तिची बकरीसुद्धा पाय सैल सोडून उभी राहत असंल.

आन् तोच अंगठा अडकला. सकाळी वाकलेलाच असायचा. दुसऱ्या हातानं ओढला की 'कट्' करून सुटायचा. एका नवरीला चुडा भरताना मधेच अडकला, बांगडी तडकली, पोरीच्या मनगटाला रक्त आलं. तवापासून चाचीनं बांगड्या भरायला कुणाचा हात धरला न्हाई. गोळ्या झाल्या, पट्टी झाली, एक इंजेक्शनही झालं. शेवटी मीच तिला एसटीत घालून लातूरच्या डॉक्टरीणबाईकडं नेलं. लोहा येईस्तोवर तिनं तीनदा जागा बदलली. "उतरू या अक्का. अंगठा कामातून गेला तर मी खाऊ काय?"

डॉक्टरीणबाईनं नीट समजावलं. अंगठ्याच्या बुडाशी एक कडं असतं, त्यातून अंगठा वाकवणारी दोरी सरकते. ते कडं तंग झालंय. चिरायचं न्हाई, टाका न्हाई. जागा बधिर करून सुईच्या टोकानं तेवढं मोकळं करायचं. चाची उसळली, "म्हणजे आत चुडा तंग भरलाय! कुण्या अडाण्यानं भरला?" आन् बाईचाच हात धरून दाबून बघितला. "दोन-चार. नरम हाय. चालंल."

पण सुई जवळ आली तशी मूठ आवळली. "चाची, हात सैल सोडा," डॉक्टरीण म्हणाली. चाची माझ्याकडं बघतच राहिली. चाळीस वर्षांत तिला हे कुणी म्हटलं नव्हतं. मी तिचा दुसरा हात धरला. "दगड करू नको गं माय," म्हणाले, तवा कुठं मूठ उघडली.

काही मिनिटांचं काम. अंगठा आवाज न करता वाकला, सरळ झाला. नांदेड येईस्तोवर चाची तेच करून राहिली, वाकव आन् सरळ कर.

आता ती दुकानात नुसती बसते. हो गं, चक्क बसते! सगळ्या पोरी आपल्या आपण चढवायची तयार कडी घालून फिरतात, भरून घ्यायला कोण येणार? परवा म्हणाली, "अंगठा तर मोकळा झाला अक्का, पण हात कुठं हायत?"

तुझं माप तिला पाठ हाय. डझनभर हिरव्या बाजूला काढून ठेवल्यात. तिला अशी बसलेली मला बघवत न्हाई गं. ये लवकर, दोन्ही हात घेऊन ये.